कारभाऱ्याचा हिशेब

हंगामाच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लिलाव होतो. लोकांनी शेतातून आणि परसातून आणलेले पहिले पीक उपासनेच्या वेळी वेदीपुढे मांडलेले असते. आशीर्वाद झाला की तेच सारे बाहेर मांडवात येते आणि खणखणीत आवाजाचा एखादा गृहस्थ बोली पुकारू लागतो. बाजारात साठ रुपयांना मिळणारा भोपळा तिथे अकराशेला जातो, कारण बोली भोपळ्यावर नसतेच. शेजारच्याने हजार म्हटले म्हणून कोणी पुढे जातो, कोणी गेलेल्या सासऱ्यांच्या आठवणीसाठी बोलतो, तर कोणी निव्वळ हौसेपोटी. मी तीन वर्षे मंडळीचा खजिनदार होतो आणि या लिलावाची वही माझ्याकडे असे. दोनशे पानी वहीत पहिला रकाना वस्तूचा, दुसरा नावाचा, तिसरा बोलीचा. प्रत्यक्ष हातात आलेल्या रकमेचा चौथा रकाना मी कधी आखलाच नव्हता.

हे मला दाखवून दिले ते चर्चची पायरी कधीही न चढलेल्या एका माणसाने. आमच्या कॉलनीतले अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर गावोगावच्या शाखांची तपासणी करत फिरलेले. देव नाही असे ते शांतपणे सांगतात आणि त्यावर वाद घालण्याची त्यांना मुळीच हौस नाही. ऑडिटरकडे कागद जाण्याआधी एकदा नजर टाका, अशी मी त्यांना विनंती केली होती. त्यांनी व्हरांड्यात बसून, चष्मा कपाळावर सरकवून, वही सावकाश उलटली आणि विचारले, "हे अकराशे आले का?" मी म्हटले, "येतील. घरचेच लोक आहेत." त्यांनी पुढचे पान उलटले, मग त्याच्या पुढचे. तासाभरात त्यांनी पेन्सिलीने बावीस बोलींपुढे बारीक खुणा केल्या, आणि शेवटी 'किरकोळ' या शीर्षकाखाली मी घातलेल्या चौदा हजार रुपयांवर बोट ठेवून ते गप्प बसले. त्या चौदा हजारांतला एक रुपयाही मी खाल्लेला नव्हता. पण तो कुठे गेला हे मला त्या दुपारी सांगता आले नाही, हेही तितकेच खरे होते.

आमच्यात 'जगिक', म्हणजे ऐहिक, असा एक शब्द आहे. मराठी ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. सिनेमाची गाणी जगिक, लग्नातला बॅन्ड जगिक, निवडणुका जगिक, आणि मंडळीतल्या भांडणात कोणी नियमावर बोट ठेवले तर 'ही जगिक भाषा झाली' असे म्हणून त्याला खाली बसवता येते. मीही हा शब्द वापरत आलो आहे. अण्णांच्या व्हरांड्यात बसलो असताना मात्र मला जाणवले की आमच्या दोघांत जास्त जगिक वागला होता तो मी. मी माणसांच्या भिडेपोटी रकाना आखला नव्हता, आणि ते ज्या कामाचा मोबदलाही घेणार नव्हते त्या कामात एका भोपळ्याचा माग काढत होते.

शुभवर्तमानातला अन्यायी कारभाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, मी आयुष्यात तीन-चारदाच उपदेशात ऐकला असेल. पाळकसाहेब सहसा तो टाळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यात येशू एका लबाड माणसाच्या चातुर्याकडे बोट दाखवतो आणि या युगाचे लोक आपल्या व्यवहारात प्रकाशाच्या लोकांहून शहाणे असतात, असे सरळ म्हणतो. या वाक्याचे काय करायचे याचा टीकाकारांनी शेकडो वर्षे काथ्याकूट केला आहे. मला आता त्या दाखल्याची सुरुवात अधिक महत्त्वाची वाटते. धनी कारभाऱ्याला बोलावतो आणि म्हणतो, तुझ्या कारभाराचा हिशेब दे. म्हणजे हिशेब शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेला नाही. तो आत्ता, कामाच्या जागी, कागदावर मागितलेला आहे. आम्ही मात्र 'आपल्याला देवाला हिशेब द्यायचा आहे' हे वाक्य पुष्कळदा माणसांना द्यायचा हिशेब चुकवण्यासाठीच वापरतो. माझ्या चौदा हजारांबद्दल पंचांच्या सभेत विषय निघाला तेव्हा एका वडीलधाऱ्याने माझी बाजू घेत नेमके हेच वाक्य म्हटले, आणि मला हायसे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या मंडळीला वर्षातून एकदा हिशेब द्यावा लागतो तो खरे तर सरकारच्या धाकाने. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली देऊळ असो वा चर्चचा ट्रस्ट, सर्वांना लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, विश्वस्त बदलले तर चेंज रिपोर्ट द्यावा लागतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या बंगल्यांचे आणि जमिनींचे पुढे काय झाले, या विषयावर कुठल्याही गावच्या मराठी ख्रिस्ती माणसाला पाच मिनिटे बोलू द्या, म्हणजे ही परवानगीची अट किती मोलाची आहे ते कळेल. ती अट चर्चच्या कोणत्याही महासभेने घातलेली नाही. ती विधिमंडळाने घातली, ज्यात ख्रिस्ती माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

पण पैशांचे एक वेळ सोडून देऊ. मला खरा सल आहे तो माझ्या मावशीचा.

मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा कामाला म्हणून मुंबईला गेला आणि परत आलाच नाही. पत्रे बंद झाली, मग पैसे बंद झाले. ती वकिलाकडे गेली, तेव्हा त्याने तिला जे सांगितले ते ती पुढे कित्येक वर्षे जसेच्या तसे सांगत असे: तो सोडून गेला एवढे पुरत नाही बाई, त्याने दुसरी बाई ठेवली आहे हेही तुम्हाला सिद्ध करावे लागेल. १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा होताच तसा. ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एक कारण पुरे होते; ख्रिस्ती बायकोला मात्र व्यभिचाराला जोडून क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे काही दाखवावे लागे. नुसत्या परित्यागावर तिला विभक्त राहण्याचा हुकूम मिळू शकत होता, मोकळे होता येत नव्हते. आणि जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिलाच, तरी त्यावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटेपर्यंत तो पक्का होत नसे. तिच्याच वॉर्डातली एक हिंदू नर्स, जवळपास अशीच टाकलेली, १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाल्यावर रीतसर सुटली आणि तिने पुढे दुसरे लग्न केले. मावशी त्या लग्नाला गेली होती. साडी कोणती नेसली होती, जेवायला काय होते, हे सारे ती आम्हाला रंगवून सांगायची.

हा कायदा मुळात इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावरून बेतलेला. गंमत अशी, आणि तिला गंमत म्हणणेही जड जाते, की खुद्द इंग्लंडने स्त्री-पुरुषांतला हा भेद १९२३ मध्येच काढून टाकला होता. आम्ही तो त्यानंतर पाऊणशे वर्षे जपून ठेवला, जणू तो शुभवर्तमानातलाच एखादा अध्याय होता. १९८३ मध्ये विधी आयोगाने आपल्या नव्वदाव्या अहवालात तो बदलावा असे सांगितले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निर्णय दिला की ख्रिस्ती स्त्रीवर लादलेली ही जास्तीची अट संविधानाने दिलेल्या समानतेला आणि सन्मानाने जगण्याच्या हक्काला धरून नाही, आणि क्रूरता किंवा परित्याग हे एकेक कारण तिला पुरेसे आहे. २००१ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला. ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांनी यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या, काही धर्मगुरूही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या तत्त्वाच्या बळावर त्या लढल्या ते त्यांना व्यासपीठावरून नव्हे, संविधानातून मिळाले होते. आमच्या मंडळीत स्त्री आणि पुरुष दोघेही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाले हे दरवर्षी शिकवले जाते. ते खरे असेल, तर कायद्यातली ही विषमता सर्वांत आधी आम्हाला टोचायला हवी होती. मावशीला पाळकांनी प्रार्थना करायला सांगितले. तिने केलीही. ती १९९४ मध्ये गेली, निकालाच्या तीन वर्षे आधी.

अशी थकबाकी शोधू गेले की एकेक सापडत जाते. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या नावाचे ते कॉलेज, आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या अभिमानाची जागा. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्या विषयावर उघडपणे लिहू-बोलू लागले, आणि कॉलेजच्या चालकांना ते न मानवल्यामुळे त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, खटले आणि कर्ज सोसून, ते चालवले. अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने काही मर्यादांसह संततिनियमनाला मान्यता दिली ती १९३० मध्ये, म्हणजे कर्वे यांच्या केंद्रानंतर नऊ वर्षांनी. आज आमच्या मंडळीत दोनापेक्षा जास्त लेकरे असलेले तरुण जोडपे मला शोधून सापडणार नाही. रोमन कॅथोलिक बंधूंची अधिकृत शिकवण वेगळी आहे, तरी त्यांच्याही घरांत चित्र फारसे निराळे दिसत नाही. कर्वे नास्तिक होते आणि त्यांची भाषा बोचरी होती, हे सगळे खरे. पण बाळंतपणांनी पिचलेल्या बाईच्या शरीराची कणव त्या दिवसांत जास्त कोणाला होती, हा प्रश्न काही त्यामुळे मिटत नाही.

आता चंगाई सभांविषयी, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांविषयी. या विषयावर लिहिताना हात आखडतो, कारण तिथे जाणारी माणसे भाबडी असतात आणि दुखणी खरी असतात. माझ्या ओळखीच्या एका घरातल्या कर्त्या माणसाला वर्षानुवर्षे साखरेचा विकार होता. एका सभेत त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, त्याला अंगात ऊब जाणवली, आणि त्याने इन्सुलिन बंद केले. पुढच्या रविवारी त्याने आपण बरे झालो अशी मंचावर साक्ष दिली. लोक रडले, टाळ्या झाल्या. सात महिन्यांनी त्याचा डावा पाय घोट्यावरून काढावा लागला. तेव्हा त्याला कोणी मंचावर बोलावले नाही. आमच्याकडे साक्ष देण्याची प्रथा आहे, आणि मला ती प्रिय आहे. पण जो बरा झाला नाही त्याने साक्ष द्यावी अशी जागा आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते. दवाखान्यातल्या केसपेपरवर मात्र ती असते. औषध लागू पडले नाही, जखम चिघळली, रुग्ण दगावला, हे तिथे तारखेसह लिहिले जाते, आणि पुढच्या रुग्णाला जो गुण येतो तो त्या लिहून ठेवलेल्या अपयशातून येतो.

माझ्या शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आले होते, तो प्रयोग मला अजून लख्ख आठवतो. नारळाच्या शेंडीत पोटॅशियम परमँगनेटची पूड आधीच दडवलेली, वरून तूप म्हणून ग्लिसरीन सोडलेले. क्षणभर काही होत नाही, मग धूर, मग भस्सकन ज्वाळा. सारी शाळा हसली. मीही हसलो, आणि हसताना मनात एकच भावना होती: बरे झाले, हे सगळे त्यांच्या बाबा-बुवांचे आहे, आमचे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यावर चर्चचे दोन लोक बोलत होते. एक म्हणाला, याने आपल्या प्रार्थनासभांना त्रास होईल. दुसरा, जो कंपाउंडर होता, म्हणाला, ज्या सभेला याने त्रास होईल ती आपली कशी? त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही.

वास्तविक हे शिकण्यासाठी आम्हाला बाहेर जायचीही गरज नव्हती. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले तेव्हा प्रार्थनेच्या जोडीला त्यांनी चाकू-कात्री उकळून घेण्याची शिस्तही आणली, आणि ती शिस्त युरोपातल्या प्रयोगशाळांतून आली होती. माझ्या मावशीच्या पिढीच्या नर्सना या दोन गोष्टींत कधी भांडण दिसले नाही. त्या सकाळी गीत म्हणत आणि नंतर टेंपरेचरचा तक्ता भरत. तक्त्यात 'देवाच्या कृपेने बरे' असे लिहिलेले मी तरी पाहिले नाही. तिथे आकडाच असे.

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या इतिहासातली एक जोडी मला नेहमी उद्बोधक वाटते. १८६४ मध्ये पोप पायस नववे यांनी ऐंशी चुकीच्या मतांची यादी जाहीर केली, आणि त्यातले शेवटचे चुकीचे मत असे होते की पोपने प्रगती, उदारमतवाद आणि आधुनिक संस्कृती यांच्याशी जुळवून घ्यावे. एकशे एक वर्षांनी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज स्वीकारला, त्यात ख्रिस्तसभेला जगाकडून पुष्कळ मिळाले आहे, इतकेच नव्हे तर तिच्या विरोधकांकडून आणि छळ करणाऱ्यांकडूनही तिचा लाभ झाला आहे, अशी कबुली आहे. शत्रूकडून शिकलो, असे लेखी कबूल करायला केवढी ताकद लागत असेल. मात्र कबुली लिहून ठेवली म्हणून ती अंगी बाणते असे नाही. २००२ मध्ये बॉस्टनमधल्या एका वृत्तपत्राने धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची आणि ते वर्षानुवर्षे झाकले गेल्याची कागदपत्रे छापली, तेव्हा आधी बचावच झाला. अशा प्रकरणांवरची गुप्ततेची अट व्हॅटिकनने उठवली ती डिसेंबर २०१९ मध्ये. प्रॉटेस्टंट माणसाने यावर मान डोलावण्याचे कारण नाही. आमच्याकडे गुप्ततेचा नियम नाही, एवढेच. गुप्तता भरपूर आहे.

हे सारे लिहू नये असे मला सांगणारे मित्र आहेत, आणि त्यांचे म्हणणे मी झटकून टाकू शकत नाही. सध्याचे दिवस असे आहेत की गावातल्या साध्या प्रार्थनेकडेही संशयाने पाहिले जाते, धर्मांतराचा आरोप करायला निमित्त लागत नाही. अशा वेळी आपल्याच घरातली धुणी चव्हाट्यावर का धुवायची? ज्यांना आपल्यावर दगड मारायचे आहेत त्यांच्या हातात दगड का द्यायचे? ही भीती खरी आहे आणि ती बाळगणारी माणसे भित्री नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे की मावशीचा नवरा परागंदा झाला तेव्हाही कोणीतरी म्हणालेच असेल, समाजाची बदनामी होईल, गप्प राहा. आणि सेक्युलर जगाला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. अण्णांनीच मला त्यांच्या बँकेतल्या अशा गोष्टी सांगितल्या आहेत की आमचा भोपळ्याचा लिलाव त्यापुढे सोज्वळ वाटावा. फरक आहे तो इतकाच की तिथे तपासायला येणारा माणूस घरचा नसतो, आणि त्याने विचारले म्हणून कोणी त्याच्या श्रद्धेवर शंका घेत नाही.

त्या 'किरकोळ' चौदा हजारांपैकी नऊ हजारांच्या पावत्या मला शेवटी सापडल्या: मांडवाचे भाडे, जनरेटरचे डिझेल, एका अंत्यविधीची पेटी. उरलेले मी माझ्या खिशातून भरले आणि पंचांच्या सभेत तसे सांगितले. बावीसपैकी सोळा बोली वसूल झाल्या. दोन घरांनी माझ्याशी बोलणे टाकले, त्यांतले एक अजून बोलत नाही. पुढच्या हंगामाला मी छापील पावतीपुस्तक घेतले, आणि लिलावाचा जमाखर्च पुढच्याच रविवारी चर्चच्या दाराशी, वधूवरांच्या जाहीर सूचना लावतात त्या फळीवर, टाचणीने लावला. तिसऱ्या ओळीतली बेरीज चुकली होती. ती एका सातवीतल्या मुलीने दाखवली.

त्या वर्षी मी अण्णांना बोलावले. उपासनेला या असे म्हटले नाही, लिलावाला या म्हटले. ते उपासना संपता संपता आले, मांडवाच्या कडेला उभे राहिले आणि कोणाला फारशी नको असलेली दोन पडवळे त्यांनी दीडशे रुपयांना घेतली. पैसे लगेच दिले. गर्दी होती, चहा आला होता, कोणीतरी मला हाक मारत होते, आणि मी पडवळे कागदात गुंडाळून त्यांच्या हाती देऊन वळलो. थोड्या वेळाने पाहतो तर ते तिथेच, पिशवी हातात धरून उभे. मी विचारले, "काय अण्णा, चहा घेतला नाही?"

"पावती," ते म्हणाले.